पॉवर प्रेसवर तर्जनी गमावल्यास भरपाई कोठे मागावी?

प्रश्न: भोसरीतील एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेस चालवताना ऑगस्ट 2024 मध्ये माझ्या थोरल्या बंधूंची (वय 35, पगार 24,000 रुपये) उजवी तर्जनी पूर्णपणे कापली गेली. दवाखान्याचा खर्च मालकांनी केला; मात्र दहा महिने उलटल्यावरही ‘चूक तुमचीच होती’ असे सांगून ते भरपाई टाळत आहेत.

उत्तर: प्रथम पगारपत्रकात कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी कपात होते का ते तपासावे, कारण या योजनेच्या विमाधारकास अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली मालकाविरुद्ध दावा करता येत नाही. कपात होत नसल्यास कामगार न्यायालयात अर्ज करावा. अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. निव्वळ निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव ठरत नाही. नशा केली असेल किंवा यंत्राचे संरक्षक कवच जाणूनबुजून काढले असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरे उत्तर: हिशेब पूर्ण पगारावर होत नाही, 15,000 च्या मर्यादेवर होतो, आणि हे मला अन्यायाचेच वाटते. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्यास वयानुसार ठरलेल्या 197.06 या गुणकाने गुणून तर्जनीसाठी ठरलेले 14 टक्के घेतल्यास सुमारे 2,48,296 रुपये होतात. महिन्याभरात रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याजही मागता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मालक 50,000 रुपये देऊन तडजोडीच्या कागदावर सही मागत आहेत.

पहिले उत्तरदाते: सही करू नये. आयुक्तांकडे (म्हणजे कामगार न्यायालयात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) नोंदवलेली नसेल, तर अशा तडजोडीने मालकांची उरलेल्या रकमेची जबाबदारी संपत नाही.