मदत हवी आहे: एफवायबीएस्सीच्या ११० मुलांना वर्गात बोलतं कसं करावं?

खडूफळा: भौतिकशास्त्र, ४८ मिनिटांचा तास. बाकं जमिनीला ठोकलेली, वर्गात मोबाईलला बंदी. प्रश्न विचारला की पहिल्या दोन बाकांवरची तीच चार-पाच मुलं उत्तर देतात. "समजलं का?" म्हटलं की एका सुरात "होऽऽ सर". चाचणीत मात्र आनंदीआनंद. पुढच्या आठवड्यात न्यूटनचे नियम सुरू करायचेत. कुणी नेमकं काही सुचवेल का?

लोलक: आधी "समजलं का?" विचारणं सोडा, त्याला "हो"शिवाय उत्तर नसतं. हार्वर्डच्या एरिक माझुर यांची पीअर इन्स्ट्रक्शन (मुलांनीच एकमेकांना पटवून द्यायची) पद्धत तुमच्या वर्गात चालेल. मोबाईल लागत नाही.

प्रत्येकाने ए-४ कागदाला दोनदा घडी घालून होणाऱ्या चार चौकोनांत ठळक अ, ब, क, ड लिहायचं. तुम्ही फळ्यावर पर्यायी प्रश्न लिहा. एक मिनिट पूर्ण शांतता, उत्तर वहीत लिहायचं. मग "तीन" म्हणताच सगळ्यांनी एकदम आपल्या उत्तराचं अक्षर समोर येईल असा कागद छातीशी धरायचा. डोक्यावर धरला की मागचे बघून बदलतात.

बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांहून कमी असली तर चर्चेत अर्थ नाही, मुद्दा पुन्हा शिकवा. ७० च्या वर असली तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे. मधे असली तर शेजाऱ्याला पटवून द्यायला तीन मिनिटं द्या आणि पुन्हा मत घ्या. दुसऱ्या मताआधी उत्तर फोडू नका, कौल कुठे झुकलाय तेही सांगू नका. नाहीतर सगळे बहुमताकडे पळतात.

तिसऱ्या नियमासाठी प्रश्न: भरलेला ट्रक उभ्या रिक्षाला धडकला. कुणाचं कुणावर बल जास्त? ट्रकचं, रिक्षाचं, दोन्ही सारखी, की वेगावर अवलंबून? बहुतेक जण "ट्रकचं" म्हणणार, कारण नुकसान म्हणजेच बल असं डोक्यात बसलेलं असतं. ट्रक १०,००० किलो आणि रिक्षा ५०० किलो धरा. बल सारखंच, पण रिक्षाचं त्वरण २० पट. हा हिशोब चर्चेनंतर मांडा.

खडूफळा: कागद विसरतील त्यांचं काय? गोंगाट? आणि पोर्शन कसा संपवायचा?

तिरपी_रेघ: कागद विसरला तर छातीशी एक ते चार बोटं. गोंगाट होणारच, तो थांबवायची खूण पहिल्याच दिवशी ठरवा: तुमचा हात वर गेला की ज्याला दिसेल त्यानेही हात वर करून गप्प व्हायचं. टेबल बडवू नका.

बाकं हलत नसली तरी माणसं वळतात. एक सोडून एक रांगेने मागे वळायचं. शेजाऱ्याचं उत्तर तुमच्यासारखंच असेल तर दुसरा गडी गाठायचा, हे बजावून सांगा. दोघांचं एकच उत्तर असलं की चर्चा तिथेच मरते आणि गप्पा सुरू होतात.

चर्चा मराठीत होऊ द्या. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं इंग्रजीच्या धाकाने गप्प बसतात. फळ्यावर मात्र बल-फोर्स, त्वरण-ॲक्सिलरेशन अशा जोड्या लिहून ठेवा, पेपरात लागतात.

एका प्रश्नाला सहा-आठ मिनिटं जातात, म्हणून तासाला दोनच. वेळ व्याख्या उतरवून देण्यातून काढा, त्या झेरॉक्स करून वाटा.

लोलक: आणि या मतांना गुण अजिबात देऊ नका. गुण आले की कॉपी आली.

तिरपी_रेघ: सहमत. शेवटच्या दोन मिनिटांत बिननावाची चिठ्ठीही घ्या: "आज काय अडलं?" वाचताना मुद्द्यानुसार गठ्ठे करा आणि सर्वांत जाड दोन गठ्ठ्यांना पुढच्या तासाच्या सुरुवातीलाच उत्तर द्या. ते दिलं नाही तर चिठ्ठ्या लवकरच कोऱ्या यायला लागतात.

खडूफळा: सोमवारी ट्रक-रिक्षाने सुरुवात करतो. दुसऱ्या नियमासाठीही असाच एखादा प्रश्न?

लोलक: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचं त्वरण किती? पर्यायांत "शून्य" ठेवाच.