मदत हवी आहे: डोक्याच्या मारानंतर मेंदूची सूज आणि एन्झाइम रोखणारी औषधं

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ चार दिवसांपूर्वी होटगी रोडवर मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. सोलापुरातच आयसीयूत आहे. मेंदूची सूज उतरवायचं औषध मॅनिटॉल चालू आहे, पण सूज अजून उतरत नाही.

रात्री बाहेर बाकावर बसून वाचत असतो. मार लागल्यावर एमएमपी-९ नावाचं एन्झाइम वाढतं, ते मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं संरक्षक अस्तर कमकुवत करतं आणि त्यातून पाणी मेंदूत झिरपतं. मिनोसायक्लिन, म्हणजे मुरुमांवर देतात ते जुनं अँटिबायोटिक, हे एन्झाइम रोखतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं सूज कमी झालेली दिसली. मला यात खरंच आशा वाटते. पण स्टिरॉइडही कितीतरी वर्षं भरवशानं देत होते, आणि १० हजार रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीत २००४ साली त्यानं मृत्यू वाढतात असं निघालं. म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरलेला नाही.

ग्रुपवर कुणी न्यूरोसर्जन किंवा फार्माकॉलॉजीचे असतील तर सांगा: अशा औषधाची माणसांवरची चाचणी भारतात सध्या कुठे चालू आहे का? सीटीआरआयच्या (भारतात माणसांवर होणाऱ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) साइटवर नेमकं कोणत्या नावानं शोधू? सोप्या मराठीत लिहिलंत तर आईलाही वाचून दाखवता येईल. ती सारखी विचारतेय.