अनुभव धागा : टीम बांधताना, सांभाळताना

चाळकरी
परवा लालबागहून घरी येताना एका गल्लीत गोविंदांचा सराव दिसला. गाडी बाजूला लावून वीस मिनिटं उभा राहिलो, घरी ओरडा खाल्ला.

मी सहा वर्षं आमच्या पथकात दुसऱ्या थराला होतो. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू व्हायचा. बाकी सगळे वर बघायचे, एक्का (सगळ्यात वरचा गोविंदा) चढला का, हंडी किती राहिली. आमचे अण्णा कधीच वर बघायचे नाहीत. ते खाली उकिडवे बसून पहिल्या थराचे गुडघे बघत. गुडघे लटपटले की शिट्टी, मग वर काहीही चाललेलं असो.

एका वर्षी ठाण्यात सातवा थर उठत होता, वरचं पोरगं जवळजवळ उभं राहिलं होतं, आणि शिट्टी! उतरवा. लोकांनी हुर्यो उडवली. आम्ही तर अण्णांशी बोलेनाच. ट्रकमध्ये कळलं की बेसमधला एकजण तापाने फणफणलेला होता आणि सकाळपासून गप्प होता. सगळे त्याच्यावर तुटून पडलो. अण्णा आम्हालाच म्हणाले, "त्याला तुमच्यापैकी एकालाही सांगावंसं वाटलं नाही ना?"

आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकीने काम अर्धवट असल्याचं शेवटच्या संध्याकाळी सांगितलं. मी चिडलो. मग सराव बघताना चरचरलं. तुमचे अनुभव लिहा, बरेवाईट सगळे.

टिपरू
ढोलपथकवाला हजर! आमच्याकडे नवीन आला की पहिले पंधरा दिवस ढोल हातात नाही. ढोल उतरवायचे, दोऱ्या आवळायच्या, पाणी आणायचं. नदीकाठी डास फोडून खातात ते वेगळंच. निम्मे तेवढ्यातच गळतात. राहतात ते मिरवणुकीत बारा तासांनंतरही शेजारच्याचा ढोल धरतात.
आणि एक, लोकांना वाटतं ढोल चालवतात. चालवतो ताशा. ताशेवाला बिथरला की चाळीस ढोल मिळून गोंधळ.

कुकरची_शिट्टी
मस्त धागा. कुकर लावलाय, येते.

रात्रपाळी
अण्णांसारखा एक माणूस आमच्या ऑफिसला द्या. आमचे साहेब फक्त वर बघतात, त्यांच्या साहेबांकडे :)

माळकरी_पुणे
चाळकरी, अण्णांच्या त्या 'सांगावंसं वाटलं नाही'वरून आठवलं. मी माउलींच्या सोहळ्यात पाच वाऱ्या केल्या. मुक्कामी तळावर संध्याकाळी समाजआरती असते. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात. चोपदार दंड उंचावून आरोळी देतात आणि एका क्षणात टाळ थांबतात. एवढे हजारो लोक, आणि शांतता! अंगावर काटा येतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात.
म्हणजे तक्रार करायची रीतच ठरलेली. कुणी उद्धट ठरत नाही.

रात्रपाळी
आमच्या सोमवारच्या मीटिंगला टाळ वाटले तर आरती व्हायचीच नाही.

टिपरू
=)) ताशा पाठवतो.

माणदेशी
मी वॉटर कपचं लिहितो, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा. माण तालुका, २०१८. पंचेचाळीस दिवस श्रमदान. पहिल्या चार दिवसांत माळावर नऊ माणसं, त्यातली दोन माझ्या घरातली. गावात वरची आळी नि खालची आळी, दोन पिढ्या बोलणं नाही. मी प्रशिक्षण घेऊन आलेला, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. भोंगा घेऊन गावभर भाषणं. कुणी ढुंकून बघेना.
पाचव्या दिवशी खालच्या आळीतली एक म्हातारी आली आणि म्हणाली, "तू बोलू नगंस, खोरं दे." ती दोन हात चर खणून बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या सुना, मग आळी, मग ईर्ष्येने वरची आळी. शेवटी रात्री बॅटऱ्या लावून खणत होते. नंबर नाही आला, पहिला आला आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीचा. जळफळाट झाला जरा, खोटं कशाला बोलू. पण पाऊस पडल्यावर चर भरलेले बघायला दोन्ही आळ्या एकाच ट्रॅक्टरमधून गेल्या.
भोंगा अजून घरी आहे. पोरगं खेळतं.

सई_ठाणे
माणदेशी, डोळ्यांत पाणी.
अवांतर : माझं आजोळ म्हसवड. सिद्धनाथाची यात्रा आठवली. तुमचं गाव कुठलं?

माणदेशी
ताई, म्हसवडपासून लांब नाही. यात्रेला या.

कुकरची_शिट्टी
आले. आमचा दहा बायकांचा बचत गट आहे, सणाला पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतो. पहिली होळी, तीनशे पोळ्या. अध्यक्ष मी! कुणाचीही पोळी जाड वाटली की मी गुपचूप उचलून परत लाटायचे. दुपारी दोनपर्यंत मनगट सुजलं. मान वर करून बघते तर बाकीच्या नऊजणी चहा पीत बसलेल्या. मला राग. तर एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही परत लाटणारच आहात, मग आम्ही कशाला जीव काढायचा?"
लाजच वाटली. आता पुरण एकीकडे, कणीक तिंबणं एकीकडे, लाटायला तिघी, आणि मी पैशाची वही नि डबे भरणं. लाटण्याला हात लावायची मला बंदी आहे, गटाच्या वहीत तसा ठराव लिहिलाय. खरंच!
तरी तव्याकडे लक्ष जातंच. सवय.

चाळकरी
ठराव भारी! मी पण लोकांचं काम रात्री बसून परत लाटतो, आत्ता लक्षात आलं. त्या मुलीशी आज बोललो. तीन आठवडे अडकली होती म्हणे. दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन परत गेली, मी फोनवर होतो.

रात्रपाळी
फोनवर वर बघत होता का?

चाळकरी
हो रे बाबा.

सई_ठाणे
कुकरताई, पोळ्या ठाण्याला पाठवता का? कटाची आमटी पण मिळते?

कुकरची_शिट्टी
ठाण्यात कोणी येणारं असेल तर देते. आमटी सांडते, ती घरीच करा. विपू (विचारपूस) करा, आता दूध ओतू चाललंय.