बोलताना सरसकट विधाने करणे कितपत न्याय्य?

मूळ लेखन
नव्या सहकाऱ्याच्या तक्त्यात बेरीज चुकलेली दिसली आणि ‘आजकालच्या मुलांचे कशात लक्षच नसते’ असे मी सर्वांसमक्ष बोलून गेलो. त्याने काही न बोलता तक्त्याची जुनी प्रत उघडली. चूक तो रुजू होण्याच्या दोन महिने आधीची होती, आणि ती माझीच होती. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण एका भांड्यातला भात एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांच्या पिढीला ते लागू नाही. म्हणून अशी विधाने बोलण्यातून काढूनच टाकावीत, असे माझे मत झाले आहे.

आडवाट
असहमत. ‘डासांमुळे हिवताप होतो’ हे वाक्य घ्या. तो पसरतो केवळ ॲनोफिलीस डासाच्या मादीमुळे, आणि तेही तिच्या शरीरात रोगाचे परजीवी आधी शिरलेले असतील तरच. तरीही या वाक्याला कोणी खोटे म्हणत नाही. प्रत्येक वाक्याला अपवादांची पुरवणी जोडायची म्हटल्यास बोलणेच खुंटेल. शिवाय आपली चूक सरसकटीकरणाची नसून, तक्ता न तपासता बोट दाखवण्याची होती.

शंकासुर
डासाला आपले बोलणे ऐकू येत नाही, माणसाला येते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९६३ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना वेगवेगळ्या लांबीच्या आठ रेषांची लांबी अजमावायला सांगितली होती. आखूड चार रेषांना एक अक्षर आणि लांब चार रेषांना दुसरे अक्षर दिल्याबरोबर दोन गटांतला फरक लोकांना प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटू लागला. निर्जीव रेषांच्या बाबतीत नुसत्या अक्षराने इतके होत असेल, तर ‘आजकालची मुले’ हा शिक्का बसल्यावर त्या मुलाकडे नीट पाहणार कोण?

आडवाट
प्रयोग मान्य, निष्कर्ष नाही. ‘घरमालक अनामत रक्कम परत करताना छळतात’ असे भाडेकरू म्हणतो, तेव्हा ‘सगळे तसे नसतात’ असे सुनावणे म्हणजे त्याची तक्रार ऐकण्याआधीच निकालात काढणे होय. (हे सुनावणारे बहुधा घरमालकच असतात, हेही सरसकट विधानच, पण मी ते मागे घेणार नाही.) आपल्यावर सत्ता असलेल्यांविषयी बोलणे आणि हाताखालच्या माणसावर शिक्का मारणे यांना एकच नियम लावता येणार नाही.

मूळ लेखक
सत्तेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. ‘काढूनच टाकावीत’ हे शब्द मागे घेतो. मात्र तक्ता तपासला असता तर प्रश्नच उरला नसता, हे पटत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या सहकाऱ्याची क्षमा मागताना म्हणालो, ‘तू त्यांच्यातला नाहीस.’ तो म्हणाला, ‘म्हणजे बाकीचे आहेतच?’ त्याला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही.