दारू नाही, वजन नाही, तरी फॅटी लिव्हर: तुमच्या घरचे अनुभव लिहा

सेलूकर
पुतण्याच्या लग्नाचे कपडे शिवायला टाकले. टेलर मास्तरांनी जुनी वही काढली, त्यात आमच्या अण्णांची मापं. छाती ३६, शेवटपर्यंत ३६च. कंबर ३२, मग ३४, ३७, ३९. हातपाय काडीसारखे, वजन कधी सत्तरीला टेकलं नाही. अण्णा माळकरी, थेंबाला शिवले नाहीत. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब होणं, निघाला तर पाहुण्यांत कुजबुज, लपून पीत असतील म्हणून. आईला ते अजून लागतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, शुगर आहे, त्यात आतड्यांभोवतीची चरबी, ती लिव्हरवर जाते. काट्यावर दिसत नाही, टेपवर दिसते. तुमच्याकडं असं झालं असेल तर लिहा, कुणी वेळेत तपासून घेईल.

रेखा_परभणी
गलबलून आलं दादा. आमच्या यांची मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली अन् ग्रेड २ चं फॅटी लिव्हर निघालं. उंची ५ फूट ७, वजन ६४. सासूबाई म्हणतात एवढ्या वाळक्या माणसाला कसली चरबी. कंबर मोजली तर ९५ सेंमी. कुकर झाला, येते

मोंढा_नांदेड
माझी पँट ३४ ची, म्हणजे ८६ सेंमी. मला काळजी नाही ना?

आशाताई_धाराशिव
भाऊ, पँट पोटाखाली घालायलेत तुम्ही, ते माप धरू नका. शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड, ह्याच्या मधोमध टेप. श्वास सोडून. बाप्यांना ९०, बायांना ८० च्या पुढं गेलं की सावध. तिशीच्या पुढच्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका तपासायची सरकारी यादी, भरतो आम्ही आशा, त्यात कंबर आहेच. बाया साडीची गाठ सैल करायला लाजतात, मी दार लावून घेते. बाप्ये पोट आत ओढतात. मग मी पिकापाण्याचं विचारते, बोलताना श्वास सुटतो, तेवढ्यात मोजते.

मोंढा_नांदेड
मोजली ताई. ९८.

लॅबवाला_लातूर
घाबरू नका, सोनोग्राफी करून घ्या. कंबर ही खूण आहे, निदान नाही. अन् एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, नॉर्मल आलं म्हणून निवांत राहू नका, चरबी असूनही नॉर्मल येतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो शोधून बघा. ते अन् त्यांचे इंग्लंडचे सहकारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र त्यांच्या सहकाऱ्यांची ९.१ टक्के अन् याज्ञिकांची २१.२! आपली अंगकाठीच अशी. सेलूकर, आईंना हे नक्की सांगा.

गोदाकाठ_गंगाखेड
हुरडा निघाला का कुणाकडं? आमच्या शिवारात यंदा जोंधळा कमी, सगळा हरभराच. घरात भाकरी जाऊन दोन्ही टाइम पोळी झालीय.

रेखा_परभणी
आमच्याकडं पण पोळीच, अन् वर दिवसभर साखरेचा चहा. गंगाखेडला माझी मावशी असते, कोणता भाग तुमचा?

जालन्याची_मामी
माझं ८० चं ७४ झालं, ग्रेड १ गेलं. रात्रीचं जेवण लवकर, चहा बिनसाखरेचा, बाटलीतलं गोड पाणी बंद, रोज चालणं. डॉक्टर म्हणाले वजन ५ टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही उतरते. लिव्हर साफ करायच्या पावडरी घेऊ नका रे लेकरांनो, काहींनी उलट लिव्हर बिघडतं.

मोंढा_नांदेड
मामी, दिवसभर आडतीवर गादीवर बसून असतो. चालायचं कधी?

जालन्याची_मामी
हमालांच्या आधी जा अन् बाजार भरायच्या आत यार्डाला फेऱ्या मार. सोबत शेजारचा आडत्या घे.

सेलूकर
आईला वाचून दाखवलं लॅबवाले भाऊ. दोनदा वाचायला लावलं. धाकट्या भावाची कंबर पण ९४ आहे, सोमवारी सोनोग्राफीला नेतोय.

रेखा_परभणी
आशाताई, शिलाईची टेप चालते का?

आशाताई_धाराशिव
चालते. फक्त जुनी, ताणलेली घेऊ नका.