अनुभव धागा: एका ग्लासात द्रवांचे थर कसे जमवता?

नाशिककरांनो, गोड, खारं, गरम, गार पाणी, तेल, मध यांचे थर घरी लावून पाहिले असतील तर मापासकट लिहा. बिघडतं कुठे, तेही.

कॉलेज रोड: सुरुवात साखरेपासून करा. चार वाट्यांत प्रत्येकी १०० मिली पाणी. एकीत नुसतंच, बाकीच्यांत १०, २०, ३० ग्रॅम साखर. प्रत्येकीत वेगळा खायचा रंग. मेडिकलमधून १० मिलीची बिनसुईची सिरिंज आणा. अरुंद ग्लासात आधी साधं पाणी घ्या, मग सिरिंजचं टोक तळाला टेकवून १० ग्रॅमवालं हळूहळू सोडा, मग २०, शेवटी ३०. जड द्रव खाली शिरतो आणि आधीचे थर अलगद वर उचलले जातात. वरून ओतलं की धारेच्या जोरानेच थर मोडतात, म्हणून ही उलटी पद्धत खात्रीची. सिरिंजमध्ये हवा ठेवू नका. बुडबुडे वर जाताना सगळं ढवळून टाकतात.

सातपूर: गरम-गार पाण्याचं काम जास्त नाजूक. १० आणि ६० अंशांच्या पाण्याच्या घनतेत फरक जेमतेम दीड-पावणेदोन टक्के. वरच्या १० ग्रॅम साखरेने तो साडेतीन टक्के होतो. एकाच मापाच्या दोन काचेच्या बरण्या काठोकाठ भरा, गार निळी, गरम लाल. लाल बरणीवर जुन्या फाइलचं प्लास्टिक कापून ठेवा, ती उलटी करून निळीवर बसवा, प्लास्टिक सरळ ओढा. लाल पाणी वरच राहतं. बरण्यांची जागा बदलली तर काही क्षणांत सगळं जांभळं! उकळतं पाणी नको, काच तडकते. खाली परात हवीच.

गंगापूर रोड: खायचा रंग तेलात मिसळत नाही, त्याचे मणी होतात. तेल कोमट करून हळद घाला आणि गाळा. थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा शेंगदाणा तेल बरं.

निफाड: पिकलं द्राक्ष साध्या पाण्यात बुडतं. १२० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून वर हळूच साधं पाणी सोडा. द्राक्ष दोन्हींच्या सीमेवर अधांतरी थांबतं. देठ काढा आणि द्राक्ष ओल्या बोटांनी चोळून घ्या, कारण सालीवरच्या पांढऱ्या मेणाला हवेचे बुडबुडे चिकटले की ते उगाच तरंगतं. बारीक मिठाने पाणी गढूळ होतं, खडे मीठ गाळून वापरा.

इगतपुरी: भाताच्या बियाण्याला हेच तत्त्व. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बी ओतून ढवळायचं, स्थिरावलं की तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं. मीठ नीट विरघळलं नाही तर खारं पाणी तळाशी थर धरून बसतं, वर जवळपास गोडंच पाणी उरतं आणि हलकं बीही खाली जातं. बुडालेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.