'द स्कल मॅन' फार संथ वाटतेय, पुढे बघू का?

कर्वेनगरचा_निनाद

मी सेकंड इयरला आहे, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) अलीकडेच बघायला लागलो. 'डेथ नोट' झपाट्याने संपवली, म्हणून रूममेटने 'द स्कल मॅन' सुचवली. कवटीचा मुखवटा घातलेला माणूस रात्री एकेकाला गाठतो म्हटल्यावर दणक्यात काहीतरी असेल असं वाटलं होतं. पण सुरुवातीचे भाग संपले तरी मुखवटेवाला जेमतेम दर्शन देतो. बाकी वेळ तो पत्रकार आणि त्याच्यासोबतची फोटोग्राफर मुलगी लोकांना भेटत हिंडतात. शिवाय सगळं इतकं काळोखी की लॅपटॉपवर निम्मं दिसतच नाही. एकूण १३च भाग आहेत म्हणून सोडवतही नाही. पूर्ण पाहिलेल्यांनी सांगा, पुढे वेग येतो का? कृपया शेवट फोडू नका.

रात्रपाळी_हिंजवडी

दीडपट वेगाने लाव. शेवटचे भाग आले की नेहमीच्या वेगावर ये. मी तशीच बघितली, आवडली.

पेठकर

निनाद, दीडपटीने अजिबात बघू नकोस. ही माझी फार लाडकी मालिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पुण्यातच बरीच वर्षं क्राइम रिपोर्टिंग केलं. एकदा पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखाली खून झाला होता. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारायला गेलो तर तो गिऱ्हाइकाला साखर तोलून देत राहिला, वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. मी रोज जायचो, काहीतरी किरकोळ घ्यायचो, परत यायचो. मग एके दिवशी सुट्टे पैसे हातावर ठेवता ठेवता तो हळूच म्हणाला, "त्या रात्री जिन्यातला दिवा कोणी काढून नेला, ते विचारा." बातमी तिथून सुरू झाली.

मालिकेतला पत्रकार हायातो मिनागामी टोकियोहून आपल्या जुन्या गावी, ओतोमोला येतो आणि अगदी असाच फिरतो. त्या शहराची सूत्रं एका औषध कंपनीच्या हातात आहेत. अशा गावात बोलायचं कोणी? बोलणाऱ्याला उद्या तिथेच राहायचं असतं. मालिकेचा वेग म्हणजे गप्प बसलेल्या गावात प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसाचा वेग आहे, आणि तो मला शंभर टक्के खरा वाटतो. त्यामुळे मुखवटा कधी दिसेल याची वाट बघण्यापेक्षा हायातोने काही विचारल्यावर कोण विषय बदलतो तिकडे लक्ष ठेव. किरीको फोटो काढायला पुढे झाली की कोण तोंड फिरवतो, तेही बघ. खरी मारामारी तिथे चाललेली असते.

मुखवटेवाला कमी दिसतो हेही बरंच आहे. तो गावाला वाचवतोय की नुसते मुडदे पाडतोय, हे लवकर ठरवता येत नाही. रोज दिसला असता तर आपण कधीच त्याच्या बाजूने झालो असतो.

संगीत शिरो सागिसूंचं आहे, 'इव्हँजेलियन' या गाजलेल्या ॲनिमेचे संगीतकार तेच. दीडपटीत त्याचा पार चुथडा होतो. दिग्दर्शक ताकेशी मोरी यांनी माणसांना बोलण्याआधी थांबू दिलंय, त्या थांबण्यातच अर्ध्या खुणा आहेत. एक तक्रार मात्र माझीही आहे: शेवटाकडे घाई झाली आहे. १३ भागांत मावेल त्यापेक्षा जास्त कोंबलंय. आणखी पाच-सहा भाग मिळायला हवे होते.

काळोखाचं म्हणशील तर दुपारी बघू नकोस. रात्री खोलीतला दिवा बंद कर, ब्राइटनेस पूर्ण वर ने. दिसतं.

रानडेतली_सई

पेठकरकाकांना अनुमोदन. मी रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकते, म्हणून थोडी भर घालते. मूळ गोष्ट शोतारो इशिनोमोरी यांची, १९७० सालची, साधारण शंभर पानांची एकच दीर्घ चित्रकथा. त्यातला नायक सूड घेताना निरपराध माणसांचीही पर्वा करत नाही. पुढे टीव्हीसाठी हीच कल्पना घ्यायचं चाललं होतं, पण कवटीच्या जागी टोळाचा मुखवटा आला आणि १९७१ मध्ये 'कामेन रायडर' ही टीव्ही मालिका सुरू झाली. मुलांचा लाडका मुखवटेवाला त्यातून जन्मला, मूळचा काळाकुट्ट भाऊ मागे राहिला. २००७ मध्ये बोन्स स्टुडिओने त्याला परत आणलं. हे माहीत असलं की मालिका इतकी उदास का आहे ते लक्षात येतं.

निनाद, तुला मुखवटा हवा आणि हालचालही हवी, तर याच स्टुडिओची त्याच वर्षीची 'डार्कर दॅन ब्लॅक' बघ. त्यातला हेई दिवसा साधाभोळा विद्यार्थी, खादाड, आणि रात्री पांढरा मुखवटा. बहुतेक प्रकरणं दोन-दोन भागांत मिटतात. त्यात काही माणसांकडे अलौकिक शक्ती असते, आणि ती वापरली की जवळपास प्रत्येकाला काहीतरी किंमत मोजावी लागते. एकाला सिगारेटचा तिटकारा आहे, तरी दर वेळी ओढावीच लागते. मला तो फार लागला मनाला. संगीत योको कान्नोंचं.

कर्वेनगरचा_निनाद

सगळ्यांचे आभार. कामेन रायडरचं काहीच माहीत नव्हतं. काका, मग आधी कोणती बघू? आणि एकामागून एक भाग लावले तर चालेल का?

पेठकर

आधी हीच संपव. 'डार्कर दॅन ब्लॅक'चे २५ भाग आहेत, तिच्यात शिरलास की इकडे परतणार नाहीस. रात्री दोनपेक्षा जास्त भाग नकोत, नाहीतर नावं एकमेकांत मिसळतात. सहावा भाग झाला की तुझा संशय कोणावर आहे ते इथेच लिही. सई, तू पाहिली आहेस, तू गप्प बसायचंस.